सांगलीतल्या विश्रामबागचं गेमिंग कॅफे : चार स्टार, पाचवा हेडफोनमुळे गेला

वालचंद कॉलेजच्या बाजूला, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर हे कॅफे आहे. बारा पीसी, दोन प्लेस्टेशन. तासाला ५० रुपये, पाच तास एकदम घेतले तर २००. मॉनिटर १४४ हर्ट्झचे, खुर्च्या ठीक, एसी कधी लागतो कधी नाही. मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघतो, सौदे आटपले की इथे येऊन बसतो. पोरं मला काका म्हणतात. वाद घालणं मी सोडून दिलंय.

मशीन इतर ठिकाणीही मिळतात. चार स्टार आहेत ते मालकाला. तो स्वतः खेळणारा असल्यामुळे कुठे काय अडतं हे त्याला कळतं. त्याचा एक नियम आहे : पाऊण तासापेक्षा कमी वेळ उरला असेल तर व्हॅलोरंटची (पाच-पाच जणांच्या टीमचा गोळीबाराचा गेम) रँक मॅच, म्हणजे श्रेणी ठरवणारी मॅच, लावायची नाही. आधी १३ राउंड जिंकणारी टीम जिंकते, त्यात ३५-४० मिनिटं सहज जातात. मध्येच उठलात तर गेम दंड लावतो आणि टीममधले चौघे शिव्या घालतात ते वेगळंच. म्हणून शेवटी फक्त डेथमॅच, म्हणजे टीम नाही, ज्याचा तो खेळतो, दहा मिनिटांत विषय संपला. घरी 'ही शेवटची' म्हणत रात्रीचे दोन वाजतात, तसं इथे होत नाही. उधारी अजिबात नाही. लागोपाठ हरत सुटलेल्याला तो चहाला पिटाळतो. "टिल्ट झालायस मर्दा, खाली जाऊन ये." टिल्ट म्हणजे हरून डोकं फिरणं. पैसे तासावर मिळत असताना गिऱ्हाईक उठवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पालक येतात आणि एकच विचारतात, किती तास खेळतो? खेळणाऱ्यांना या प्रश्नाचं हसू येतं. कॉलेजच्या टीमची टुर्नामेंट जवळ आली की ती पाच पोरं रविवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत इथेच असतात. डबे आणतात, आपल्याच हरलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग लावून भांडतात, सोमवारी प्रॅक्टिकलला हजर. त्यांची काळजी कुणी करत नाही.

काळजी वाटली ती डिप्लोमाच्या एका पोराची. रोज जेमतेम दोन तास, कोपऱ्यातला पीसी. आधी टीममध्ये असायचा, मग एकटाच खेळायला लागला, मग माईकवर बोलणंही बंद. जिंकला तरी चेहरा तोच. फोन वाजला की हेडफोन गळ्यात ओढून म्हणायचा, "आई, क्लासात आहे." खोटं इथे सगळेच बोलतात, मीही घरी 'स्टॉक मोजतोय' म्हणून सांगितलंय. पण त्याचं रोजचं होतं, आणि ते सांगताना त्याची नजर स्क्रीनवरून हलायची नाही. शेजारी बसणाऱ्यांना हे घरच्यांच्या आधी कळलं होतं.

मिरजेच्या मेडिकल कॉलेजचा एक विद्यार्थी इथे प्लेस्टेशनवर फुटबॉल खेळायला येतो. त्यानं चहावर सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंग डिसऑर्डर आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्यात तासांचा आकडाच नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असलं पाहिजे. यावर आमच्यातला एक म्हणाला, "सुट्टीत माझं सगळ्याच्या आधी गेमच असतंय की." हा होणारा डॉक्टर म्हणाला, कॉलेज सुरू झाल्यावर काय होतं ते सांग. त्यावर आमचा गडी गप्प बसला नाही, 'मग बीजीएमआय डिलीट करतो' म्हणाला, म्हणजे मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम. दरवर्षी करतो, दिवाळीत परत टाकतो. माझ्या मते त्याचं बरं चाललंय.

टेन्शन विसरायला खेळणं वाईट, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. मार्च अखेरीला माझं डोकं उठतं तेव्हा मी इथेच येतो, आणि दोन मॅच झाल्या की ताळेबंद परत समोर घ्यावासा वाटतो. ज्याला उठल्यावर घरी जायचीच भीती वाटते, त्याचं प्रकरण वेगळं.

त्या पोराला मालकानं एके दिवशी 'पीसी रिकामा नाही' म्हणून सांगितलं. दोन रिकामे दिसत होते. पोरगं काही न बोलता जिना उतरलं. दुसरीकडे जाऊन बसलं असेल, त्यामुळे मालकानं त्याला वाचवलं वगैरे मी लिहिणार नाही. घरी कुणीतरी बोलायला हवं होतं, आम्ही कुणी त्याच्या आईचा फोन घेतला नाही.

आता तक्रारी. हेडफोनच्या गाद्या सोलवटल्यात, काळे तुकडे कानाला चिकटतात. सांगून सांगून थकलो. रविवारी संध्याकाळी मुंबई सर्व्हरलाही पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ९० वर जातो, तेव्हा रँक खेळायच्या नादी लागू नका. प्लेस्टेशनचा एक कंट्रोलर आपोआप डावीकडे पळतो, बसण्याआधी तपासून घ्या. हेडफोन स्वतःचा आणा. आणि गाडी झेरॉक्सवाल्याच्या दारात लावू नका, तो चाकातली हवा सोडतो.