स्क्रू, नट, वायसर ठेवायचे कशात? मुंबईच्या घरासाठी बरण्या, खणांचे डबे, ड्रॉवर आणि पिशव्यांची तुलना

मुंबईत घरी सुतारकाम, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बारीकसारीक दुरुस्त्या करणाऱ्याची जागा म्हणजे ग्रिल लावलेली गॅलरी, बेडरूमच्या कोपऱ्यातलं टेबल, नाहीतर माळा. कामासाठी वेगळी खोली फार थोड्यांना मिळते. त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये गॅरेजच्या भिंतीवर दिसणारे रंगीत ड्रॉवर बघून खरेदी केली तर इथे पंचाईत होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं आणि समुद्राजवळ राहत असाल तर त्यासोबत मीठही येतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: खण किती आहेत हे नंतर बघा, झाकण कसं बसतं ते आधी.

सगळ्या मालाला सारखाच धोका नसतो. सर्वांत आधी गंजतात ते काळे जिप्सम स्क्रू. उघड्या डब्यात एक पावसाळा काढलेला असा स्क्रू हातात घेऊन बघा. डोक्यावरच्या प्लस खाचेत नारिंगी ठिपका आलेला असतो आणि आट्यांच्या कडा खरखरीत झालेल्या असतात. गंजलेल्या खाचेत बिट पूर्ण बसत नाही, जोर लावला की घसरतं, आणि प्लायवर ओरखडा उठतो. जस्ताचा मुलामा असलेले स्क्रू जास्त टिकतात, पण दमट डब्यात त्यांच्यावर पांढरी भुकटी येते, म्हणजे मुलामा झिजायला लागला. ३०४ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूला घरात सहसा काही होत नाही. मात्र तो साध्या लोखंडी स्क्रूंबरोबर एकाच खणात टाकू नका. त्यांच्या गंजाचे कण चिकटून स्टेनलेसवरही डाग पडतात.

बरण्यांपासून सुरुवात करू, कारण त्या प्रत्येक घरात असतात. आट्यांचं झाकण असलेली पारदर्शक बरणी दमटपणाविरुद्ध या सगळ्यांत उत्तम, आणि आतला माल लांबूनही ओळखू येतो. काचेची बरणी फरशीवर पडली की काचा आणि खिळे एकत्र वेचावे लागतात, म्हणून प्लॅस्टिकचीच घ्या. लोणच्याची रिकामी बरणी वापरणार असाल तर झाकणातली चकती काढून खालचं मीठ धुवा आणि दोन दिवस कडक वाळवा. तिथे राहिलेलं मीठ आणि आंबट अंश आतल्या आत गंज चढवतात. बरणीचं खरं दुखणं वेगळंच: तळाशी गेलेला एक नट काढायला सगळा माल ओतावा लागतो. वजनही बघा. एक लिटरची बरणी स्क्रूंनी भरली तर अडीच-तीन किलो सहज होते, त्यामुळे पाव किंवा अर्ध्या लिटरची बरी. झाकण माळ्याच्या फळीखाली ठोकून बरणी त्याला लटकवायची युक्ती जागा खरोखर वाचवते. प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू मारा. एकाच स्क्रूवर झाकण बरणीबरोबर गोल फिरतं.

घराघरांत आणखी एक वस्तू या कामाला लागते, ती म्हणजे मिसळणाचा जुना डबा. टेबलावर स्थिर ठेवलात तर सात वाट्यांत सात प्रकारचा माल छान राहतो. पण तो हातात घेऊन कुठे गेलात की वाट्यांच्या काठावरून वायसर उड्या मारतात.

खणांचे चपटे डबे हा माझ्या मते मुंबईच्या घराला सर्वांत योग्य पर्याय. ते पुस्तकांसारखे उभे राहतात, कपाटाच्या एका फळीवर आठ-दहा मावतात, आणि बेसिनखाली काम असेल तर हवा तो डबा उचलून तिथे नेता येतो. वाईट डबा आणि चांगला डबा यांतला फरकही इथेच सर्वांत मोठा आहे. दुकानात झाकण उघडून खणांच्या मधल्या पट्ट्यांवर एक व्हिजिटिंग कार्ड आडवं ठेवा, त्याचं एक टोक बाहेर राहील असं झाकण लावा आणि कार्ड ओढा. ते सहज सरकलं तर मधल्या पट्ट्या आणि झाकण यांच्यात फट आहे. असा डबा उभा केला की एम ३ चे (३ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे) वायसर त्या फटीतून शेजारच्या खणात जातात आणि महिन्याभरात सगळं एकत्र होतं. कार्ड अडकलं तर डबा घेण्यासारखा. पुढे कडी बघा. झाकणाचंच प्लॅस्टिक वाकवून केलेली बारीक कडी आधी तुटते, पिनेवर फिरणारी वेगळी कडी टिकते. सुट्या पट्ट्या हलवता येणारे डबे आकर्षक दिसतात, पण बारीक माल त्या पट्ट्यांच्या खालून सरकतो. बिजागऱ्या, कोयंडे, मोठे बोल्ट यांना ते चालतील. एम ४ च्या खालच्या मालाला पक्के खणच हवेत.

कडकडीत, काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिक पडल्यावर तडकतं. किंचित दुधाळ, बोटाने दाबल्यावर लवणारं पॉलिप्रॉपिलीन मार सोसतं. मात्र गॅलरीत रोजचं ऊन लागत असेल तर तेही काही वर्षांत भुसभुशीत होतं, म्हणून जागा सावलीतलीच हवी.

ड्रॉवरचं कॅबिनेट दिसतं सगळ्यांत देखणं, आणि काम करताना त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, हे मान्यच करायला हवं. एका हातात पाना असताना दुसऱ्या हाताने ड्रॉवर ओढला, दोन नट घेतले, परत ढकलला. तरीही मुंबईत मी ते फक्त घराच्या आत, कोरड्या खोलीतच घ्या म्हणेन. त्याला झाकणच नसतं. प्रत्येक ड्रॉवरच्या भोवती हवा खेळते. घेताना ड्रॉवरच्या मागच्या कडेला अडणारी जीभ आहे ना ते बघा, नाहीतर घाईत ओढलेला ड्रॉवर सरळ जमिनीवर. भरलेलं कॅबिनेट पंधरा-वीस किलोंवर सहज जातं, त्यामुळे भिंत कशाची आहे हे आधी ठरवा. नव्या इमारतींमधल्या आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा प्लॅस्टिकचा प्लग धरत नाही, सिपोरेक्ससाठीचे लांब नायलॉन प्लग मिळतात तेच वापरा. आणि पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाची झड तिथेच बसते आणि ओल आत उतरते.

भिंतीवर अडकवायचे उघडे बिन गाळ्यात शोभतात, जिथे माल आठवड्यात संपतो. घरी नकोत.

झिपच्या पिशव्यांना लोक कमी लेखतात. जो माल वर्षातून दोनदा लागतो, म्हणजे उरलेले अॅलन बोल्ट, कपाटाचे जास्तीचे कोन, मिक्सरचे स्पेअर ओ-रिंग, त्याला यापेक्षा कमी जागेत बसवणारं काही नाही. पिशव्या बुटाच्या खोक्यात ओळीने उभ्या लावा आणि मापाची चिठ्ठी आत, वरच्या बाजूला ठेवा. पिशवी जाड घ्या, पातळ पिशवीतून टोकदार स्क्रू बाहेर येतात. पुठ्ठा ओल धरतो, म्हणून पावसाळ्यापुरतं खोक्याऐवजी प्लॅस्टिकचा डबा बरा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी आयसी आणि मॉसफेट साध्या पिशवीत टाकू नयेत, स्थिर विजेने ते मरतात. अँटीस्टॅटिक पिशव्याच घ्या.

सिलिका जेलच्या पुड्यांबद्दल एकच: त्या बंद झाकणाआडच उपयोगी. ड्रॉवरमध्ये टाकलेली पुडी दमट दिवसांत लवकरच भरून निकामी होते. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. त्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असतं, त्यामुळे खाण्याच्या ओव्हनमध्ये त्यांना वाळवू नका.

आता निवड. गॅलरीत काम करणाऱ्याने साठा बरण्यांत आणि चालू माल पक्क्या खणांच्या दोन डब्यांत ठेवावा, ड्रॉवरचा विचारही करू नये. घरात टेबल असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला रेझिस्टर-कपॅसिटरसाठी छोट्या ड्रॉवरचं कॅबिनेट खुशाल घेता येईल; हे भाग हलके असतात, भिंतीवर भार येत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल तर डबे आणि पिशव्या, कारण घर बदलताना ते जसेच्या तसे उचलता येतात. चाळीत तळमजल्यावर राहत असाल तर काहीही घ्या, पण सर्वांत खालची फळी रिकामी ठेवा, पुराचं पाणी आधी तिथेच येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता.

खरेदीला नागदेवी स्ट्रीटला जाणारच असाल, तर नट-बोल्ट तिथे घ्या आणि बरण्या क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत. अंतर चालण्याइतकंच आहे. बारीक भागांचे खणांचे डबे आणि अँटीस्टॅटिक पिशव्या लॅमिंग्टन रोडला बघा. जाताना खिशात एक व्हिजिटिंग कार्ड आणि तुमच्याकडचे सर्वांत लहान पाच-सहा वायसर ठेवा. वायसर एका खणात टाका, झाकण लावा, डबा दुकानातच उभा करून हलवा आणि उघडून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.