बारावीचं राज्यशास्त्र : एनसीईआरटीची कोणती प्रत घ्यावी?

एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेचं ‘पॉलिटिक्स इन इंडिया सिन्स इंडिपेंडन्स’ दुकानात एकाच नावाने मिळतं, पण त्या नावाखाली आतापर्यंत किमान चार निरनिराळे मजकूर छापले गेले आहेत. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर, 2007 मध्ये मूळ पुस्तक आलं. 2018 मध्ये त्यातली काही शीर्षकं बदलली. 2023 ला मोठी काटछाट झाली आणि 2024 ला शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं गेलं. स्पर्धा परीक्षेसाठी, शिकवण्यासाठी किंवा नुसतं वाचायला म्हणून पुस्तक घेणाऱ्याने आधी हातातली प्रत यांपैकी कोणती ते बघावं.

मूळ प्रत आजही वाचनीय आहे. समासातली उन्नी-मुन्नी ही चित्रातली पात्रं शिक्षकांना अडचणीत टाकतील असे प्रश्न विचारतात. शंकर आणि लक्ष्मण यांची व्यंगचित्रं आहेत, अमूलच्या जाहिराती आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, चित्रपट सुचवणाऱ्या चौकटी आहेत. एका चौकटीत तर आपला ‘सिंहासन’ आहे. राजकारण म्हणजे कलमं आणि तारखा नव्हेत, हे शालेय पुस्तकातून इतक्या मोकळेपणाने क्वचितच सांगितलं गेलं असेल. योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर हे त्याचे मुख्य सल्लागार होते.

पण ही प्रतही तटस्थ नाही. जनआंदोलनांवर अख्खं प्रकरण आहे आणि त्यात आंदोलकांबद्दलचा जिव्हाळा लपत नाही. त्या मानाने 1991 नंतरच्या आर्थिक सुधारणांना फारच कमी जागा मिळाली आहे. शिक्षकाने ही उणीव दुसऱ्या वाचनाने भरून काढायला हवी.

आता काटछाटीकडे वळू. कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून 2022 मध्ये वगळायच्या मजकुराची यादी आली आणि 2023-24 च्या छपाईत तो प्रत्यक्षात गेला. जनआंदोलनांचं प्रकरण पूर्ण गेलं. चिपको, नर्मदा, आंध्रातलं दारूबंदीचं आंदोलन, माहितीचा अधिकार आणि नामदेव ढसाळांच्या कवितेसह दलित पँथर, हे सगळं त्यातच होतं. गुजरात 2002 वरची पानं गेली. त्या भागाच्या मूळ शीर्षकात दंगली ‘मुस्लिमविरोधी’ म्हटल्या होत्या, तो शब्द तर 2018 लाच काढला होता. आणीबाणीच्या प्रकरणातलीही काही पानं कापली, त्यामुळे कात्री एकाच पक्षाच्या सोयीने चालली असं सरसकट म्हणता येत नाही. गांधीहत्येचा भाग मात्र वेगळा काढून बघावा लागतो. हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या त्यांच्या आग्रहाने हिंदू अतिरेकी चिडले होते आणि हत्येनंतर रा. स्व. संघावर काही काळ बंदी आली, ही वाक्यं नव्या छपाईत नाहीत, आणि ती जाहीर यादीतही नव्हती. यादी जाहीर करून प्रकरण वगळलं तर त्यावर वाद घालता येतो. न सांगता वाक्य काढलं तर जुनी प्रत शेजारी ठेवल्याशिवाय कळतही नाही.

2024 च्या प्रतीत अयोध्येचा भाग चार पानांवरून दोनांवर आला. बाबरी मशीद हे नाव जाऊन ‘तीन घुमटांची वास्तू’ आली. 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घातला आहे, तो घालायलाच हवा होता. पण त्याआधीचा घटनाक्रम इतका आवळला आहे की निकाल नेमका कशावर लागला हे विद्यार्थ्याला उमगणार नाही. त्याच प्रकरणाच्या अखेरीस जनधन, उज्ज्वला, आयुष्मान भारत अशी योजनांची ओळ येते. तिथे एकही प्रश्न नाही, एकही व्यंगचित्र नाही. माहिती खात्याची पुस्तिका चुकून बांधली गेल्यासारखं वाटतं. पळशीकर आणि यादव यांनी 2023 मध्ये आपली नावं काढायला सांगितली होती, तरी 2024 च्या प्रतीत ती होतीच.

या वादाचं खापर एकाच सरकारवर फोडणाऱ्यांनी 2012 आठवावं. अकरावीच्या पुस्तकातल्या आंबेडकरांवरच्या शंकर यांच्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली आणि यादव-पळशीकर दोघांनीही सल्लागारपद सोडलं. तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडी होती. व्यंगचित्रं तपासायला सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली, तीही त्याच सरकारच्या काळात.

प्रत ओळखायची कशी? सुरुवातीचं प्रताधिकाराचं पान उघडा. तिथे पहिल्या आवृत्तीखाली पुनर्मुद्रणांचे महिने-वर्षं ओळीने असतात. शेवटचं वर्ष तेवढं धरा. 2022 पर्यंतची छपाई असेल तर काटछाटीपूर्वीचा मजकूर आहे. हे पान फाटलेलं किंवा झेरॉक्स जोडलेलं असेल तर अनुक्रमणिका मोजा : नऊ प्रकरणं असतील तर जुनी प्रत, आठ असतील तर नवी. संकेतस्थळावरच्या पीडीएफमध्ये पानाच्या तळाशीच ‘रॅशनलाइज्ड 2023-24’ किंवा ‘रीप्रिंट 2024-25’ असं छापलेलं असतं. तिथे फक्त चालू मजकूर ठेवतात, जुना काढून टाकतात.

पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात नुसतं ‘जुनी एनसीईआरटी द्या’ म्हटलंत तर घोळ होतो. यूपीएससीवाल्यांच्या भाषेत ‘जुनी’ म्हणजे रामशरण शर्मा, बिपन चंद्र यांची 2005 पूर्वीची इतिहासाची पुस्तकं, आणि दुकानदार तोच संच काढून देतो. ‘बारावी राज्यशास्त्र, 2022 पर्यंतची छपाई’ असं पूर्ण सांगा. इंग्रजी मिळालं नाही तर हिंदीतलं ‘स्वतंत्र भारत में राजनीति’ चालेल, त्यातही हेच बदल आहेत. बालभारतीचं बारावीचं राज्यशास्त्र हे निराळं पुस्तक आहे, ते याला पर्याय म्हणून घेऊ नका.

सीबीएसईची बारावी देणाऱ्याला गुणांसाठी चालू वर्षाचीच प्रत हवी, कारण वगळलेल्या भागावर प्रश्न येत नाहीत. यूपीएससी, एमपीएससी करणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी दोन्ही ठेवाव्यात. सगळं ताडून बघायला वेळ नसेल तर पहिल्या प्रकरणातला गांधीहत्येचा भाग, आणीबाणी आणि शेवटचं प्रकरण एवढे तीन भाग समोरासमोर ठेवून वाचले तरी पुरे.