जीटीए फाइव्ह, आठ महिन्यांनंतर: सातवीतल्या मुलाच्या बापाचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. जीटीए, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, हा गुन्हेगार बनून खेळायचा व्हिडिओ गेम. गेम भन्नाट आहे आणि सातवीतल्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी आठ महिने स्वतः खेळून सांगतोय.

झालं असं, की चिरंजीवांनी वाढदिवसाला हट्ट धरला. "वर्गातले सगळे खेळतात." (सगळे म्हणजे चार जण, हे नंतर कळलं.) दुकानात गेलो, तर प्लेस्टेशनची सेकंडहँड डिस्क मिळाली. कव्हरवर लाल चौकोनात ठसठशीत १८. शेजारी माझा मुलगा उभा, उंचीने जेमतेम काउंटरच्या वर. दुकानदाराने त्यालाच विचारलं, "पिशवी देऊ का?" त्याला दोष तरी काय देणार? आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, गेमसाठी तसं मंडळच नाही. तो लाल चौकोन म्हणजे कुठला गेम कुठल्या वयाला हे सांगणारी युरोपातली पेगी नावाची पद्धत. अमेरिकेत ईएसआरबी ही रेटिंग देणारी संस्था याच गेमला एम देते, म्हणजे १७ आणि त्यावरच्यांसाठी. आपल्या दुकानात तो आकडा म्हणजे कव्हरवरचं नक्षीकाम.

आता माझी अडचण. २००४ साली मी अकरावीत होतो आणि क्लास बुडवून सायबर कॅफेत व्हाइस सिटी हा जीटीएचाच जुना भाग खेळायचो. 'पँझर' हा चीट कोड टाइप केला की आकाशातून पडल्यासारखा समोर रणगाडा हजर. त्यामुळे "आपण खेळलो, आपलं काय बिघडलं" हा युक्तिवाद माझ्या ओठांवर तयारच होता. पण आम्ही खेळायचो म्हणजे काय करायचो? माणसं ठोकळ्यांची, स्पीकर बंद, गोष्ट काय आहे याचा कुणालाच पत्ता नाही. गाडी पळवायची, पोलीस मागे लावायचे, तास संपला की घरी. २०१३ साली आलेला जीटीए फाइव्ह वेगळं प्रकरण आहे. म्हणून ठरवलं, आधी मी पुरता खेळणार, मग बघू. रोज रात्री साडेदहानंतर.

पहिले काही आठवडे तर मी मुलाच्याच बाजूला झुकलो होतो. गेममधलं लॉस सँटोस शहर असं उभं केलंय की नुसतं फिरावं. माउंट चिलियाडवरून सायकल सोडायची, समुद्रात डुबकी मारायची, गोल्फ खेळायचा. गोळीबार आहे, भरपूर आहे, पण तेवढा आमच्याकडे टीव्हीवरही चालतो.

मग एके रात्री एक प्रसंग आला. आपण आलटून पालटून खेळायचो त्या तीन नायकांपैकी मायकेल हा मुरलेला दरोडेखोर. त्याची बायको टेनिसच्या कोचबरोबर सापडते. कोच पळून एका डोंगरउतारावरच्या घरात लपतो आणि मायकेल त्या घराच्या आधाराचा खांब ट्रकला बांधून अख्खं घर खाली ओढतो. मला हसू आवरेना, कारण चाळिशीतल्या माणसाचा असा तळतळाट मला कळतो. मागून आणखी एक हसण्याचा आवाज आला. चिरंजीव पाणी प्यायला उठले होते आणि दारात उभे होते. त्याला हसू कशाचं आलं, विचारलं. "घर पडलं!" बस्स. हा गेम जवळजवळ सगळाच अमेरिकेची टिंगल आहे. रेडिओवरच्या जाहिराती ऐका, सरकारी एजंट बघा. पण ती टिंगल आहे हे समजायला जे लागतं, ते बारा वर्षांच्या मुलाकडे अजून नसतं. त्याच्या वाट्याला फक्त पडलेलं घर येतं.

आणि मग तो छळाचा मिशन. गेममधल्या एफआयबी या सरकारी खात्याचा माणूस ट्रेव्हरला, म्हणजे दुसऱ्या नायकाला, एका खोलीत नेतो. खुर्चीला बांधलेला माणूस, शेजारी टेबलावर पक्कड, पाना, बॅटरीच्या केबल, पाण्याचा कॅन. यातलं काय उचलायचं ते आपण निवडायचं. पक्कड घेतली की कंट्रोलरची दांडी फिरवून आपणच दात उपटायचा. तो माणूस बिचारा सुरुवातीपासून सगळं सांगायला तयार आहे. हृदय बंद पडलं की इंजेक्शन देऊन पुन्हा सुरू. त्याने दिलेल्या माहितीवरून तिकडे मायकेल दुर्बिणीतून पाहुण्यांच्या घोळक्यात माणूस शोधतोय, दाढीवाला, डावखुरा, सिगरेट ओढणारा, आणि गोळी घालतोय. शेवटी ट्रेव्हर त्या माणसाला विमानतळाकडे नेताना गाडीत सांगतो, की छळ करून माहिती मिळत नसते. म्हणजे लिहिणाऱ्याला काहीतरी म्हणायचं होतं, आणि मोठ्या माणसाला ते पोचतंही. पण माझा अंगठा दुखावल्यासारखा झाला होता. मी कंट्रोलर खाली ठेवला, बायकोला म्हटलं, "हे त्याच्या हातून होता कामा नये." सिनेमात आपण बघतो, इथे आपण करतो. माझ्या लेखी तो १८ चा आकडा या एका टेबलावर ठरला. तीनदा हरलं की असा भाग ओलांडून पुढे जाता येतं, पण तेवढ्यासाठी मुद्दाम हरणारा मुलगा मला दाखवा.

आता माझी फजिती. मुलाच्या अकाउंटला वयाची मर्यादा घातली, महिन्याचा खर्च शून्य केला, चॅट बंद. फार हुशार समजत होतो स्वतःला. एका शनिवारी खेळ सुरू केला तर माझा मायकेल गोल्फचे कपडे घालून उभा. मी तर त्याला सुटात सोडला होता. ट्रॉफ्या, म्हणजे गेममधल्या कामगिरीची तारीख-वेळेसह नोंद, उघडल्या. एक ट्रॉफी मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मिळालेली, आणि मी मंगळवारी चार वाजता ऑफिसात मीटिंगमध्ये. माझ्याच अकाउंटला पासकोड नव्हता! मुलांचं अकाउंट कितीही बंद करा, आपलं उघडं असेल तर ते दाराला कुलूप लावून खिडकी सताड सोडण्यासारखं आहे. पालकांनी हे आधी करावं, बाकी नंतर.

ऑनलाइन भागाबद्दल थोडक्यात. मी हेडफोन लावून गेलो, वीस मिनिटांत अस्सल हिंदीत माझ्या खानदानाचा उद्धार झाला, आणि उद्धार करणाऱ्याचा आवाज अजून फुटायचा होता. ईएसआरबी स्वतःच सांगते, की ऑनलाइन गप्पांना त्यांचं रेटिंग लागू नाही. शिवाय खऱ्या पैशांनी गेममधले डॉलर देणारी शार्क कार्डं आहेतच.

मग त्याला काय द्यायचं? ग्रान टुरिस्मो दिला, पेगी ३. त्यात आधी लायसन्सची परीक्षा द्यावी लागते, आरटीओत रांग लावल्यासारखी. दोन दिवसांत तक्रार आली, "बाबा, यात गाडीतून उतरताच येत नाही." तेव्हा कळलं की त्याला मारामारी नको होती, मोकळं शहर हवं होतं. शेवटी स्पायडर-मॅन दिला, त्यात शहरभर मोकळं फिरता येतं. गंमत म्हणजे त्याला पेगी १६ देते आणि ईएसआरबी टी, म्हणजे १३ पासून. दोन मंडळांत तीन वर्षांचा फरक. मी दोन रात्री खेळून पाहिला आणि हो म्हटलं. सध्या घरात शांतता आहे.

गेल्या आठवड्यात माझी गोष्ट शेवटाला आली. तिसरा नायक फ्रँकलिन, त्याच्यापुढे ए, बी, सी असे तीन पर्याय येतात: ट्रेव्हरला मार, मायकेलला मार, किंवा तिसरा. खूप विचार करत बसलो होतो. बेडरूमच्या दारातून झोपाळू आवाज आला.

"बाबा, सी घे. सी घेतलंस की तिघंही वाचतात."

"तुला कसं माहीत?"

"यूट्यूबवर सगळं आहे."