जुन्या ट्रान्समीटरचा मेमरी सेल बदलला: हिवाळा, उन्हाळा, पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

रिमोटवरची मॉडेल विमानं उडवायचा माझा रेडिओ, म्हणजे हातात धरायचा ट्रान्समीटर, नव्वदच्या दशकातला आहे. जपानी, आठ चॅनलचा, छोट्या एलसीडी पडद्याचा. फ्रिक्वेन्सीचे क्रिस्टल शोधत बसायचे दिवस संपले म्हणून मागचं मॉड्यूल काढून २.४ गिगाहर्ट्झचं घातलंय, बाकी सगळं मूळचं. गिंबल (स्टिक ज्यावर हलतात ती यंत्रणा) अजून इतके छान चालतात की नवा सेट घ्यायची इच्छाच होत नाही. मागच्या डिसेंबरात सीझन सुरू करायला तो चालू केला, तर पडद्यावर बॅकअपची तक्रार आणि आतली सगळी मॉडेलं, म्हणजे प्रत्येक विमानाची साठवलेली सेटिंगं, कोरी. नावं गेली, सर्व्होंच्या (विमानाचे पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) उलट दिशेच्या नोंदी गेल्या, थ्रो (पृष्ठभाग किती हलावा ते प्रमाण) सगळीकडे १०० टक्के, ग्लायडरचं फ्लॅपचं मिक्सिंग (एका हालचालीला दुसरी जोडायची मांडणी) साफ. मूळ लिथियम सेलनं वीस वर्षांच्या वर काम केलं होतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायला जागा नाही.

ज्यांनी फक्त नवे सेट वापरलेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हल्लीच्या रेडिओत मॉडेलं फ्लॅश मेमरीत किंवा एसडी कार्डावर राहतात. रेडिओमास्टरच्या टीएक्स१६एससारख्या सेटमध्येही एक बारका सेल असतो, सीआर१२२०, पण तो नुसतं घड्याळ चालू ठेवतो. तो मेला तर तारीख चुकते, विमानाचं काही बिघडत नाही. अनेक जुन्या कॉम्प्युटर रेडिओंत मात्र सगळा डेटा स्टॅटिक रॅममध्ये असायचा, आणि स्विच बंद असताना त्या रॅमला जागं ठेवायचं काम एकट्या बटन सेलचं. सेल संपला की सेट कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा होतो. पडदा न बघता कोणी तसंच उडवायला गेलं आणि एलेरॉन (पंखांवरचे, विमान कलतं करणारे पृष्ठभाग) उलटे असले, तर विमान पहिलं वळण पुरं करत नाही. म्हणून उड्डाणाआधी स्टिक हलवून एकेक पृष्ठभाग कुठे जातोय हे बघायचा नेम जुन्या सेटवाल्यांनी तरी सोडू नये.

तर सेल. बोर्डावर होता सीआर२०३२: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, दाब ३ व्होल्ट, क्षमता २२० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास. कुठल्याही किराणा दुकानात मिळतो तोच, फरक एवढाच की याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे पाय स्पॉट वेल्ड केलेले असतात आणि ते पाय बोर्डात सोल्डर होतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फिरलो. पहिल्या दुकानात साधा सेल पुढे आला. "पाय असलेला नाही का?" म्हटलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "द्या ना काका, वायर टाचून देतो, दोन मिनिटांचं काम." नको म्हणून निघालो. साध्या सेलच्या अंगावर सोल्डर मारलं की उष्णता सेलच्या आतल्या विभाजक पडद्यापर्यंत आणि कडेच्या प्लास्टिक सीलपर्यंत जाते. सेल लगेच मरत नाही, हीच पंचाईत. वर्षभरानं कडेनं पाझरायला लागतो आणि खालचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतो. नशीब अगदीच वाईट असेल तर तो फुटतोही. पुढच्या गल्लीत पॅनासॉनिकचा पायांचा सेल मिळाला, शंभराच्या आतबाहेर किंमत. साध्या सेलपेक्षा महाग, पण पुढची बरीच वर्षं ही भानगड नको असेल तर फार नाही.

खरेदी करताना एवढं बघा: एलआयआर२०३२ किंवा एमएल२०३२ घेऊ नका. आकार तोच, पण ते चार्ज होणारे सेल आहेत. एलआयआर तर पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला जातो, जुन्या रॅमला ते सोसेलच असं नाही. उलट, जिथे मुळात चार्ज होणारा सेल होता तिथे सीआर बसवला तर आणखी धोका, कारण सीआर चार्ज करायचा नसतो. जुन्या सेलच्या अंगावर काय कोरलंय ते वाचून तेच घ्यायचं.

काढण्याघालण्याचं काम अवघड नाही. मेन पॅकचा (सेटच्या मुख्य बॅटरीचा) कनेक्टर काढा, मागचं झाकण काढा, पायांवरचं शिसं सकरनं (वितळलेलं सोल्डर ओढायच्या पंपानं) ओढा. घाई केली तर जुन्या बोर्डाचे पॅड (सोल्डर बसायचे तांब्याचे ठिपके) उचलून येतात, म्हणून आधी थोडं ताजं सोल्डर लावून जुनं पातळ करून घ्यायचं. माझ्या सेटची मेमरी गेलेलीच होती, त्यामुळे ती जपायची चिंता नव्हती.

खरा मुद्दा पुढे आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सेल कायमचा डकवण्याआधी मी त्याचा एकच पाय बोर्डात लावला आणि दुसरा १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून जोडला. मीटर त्या रेझिस्टरवर, मिलिव्होल्टच्या रेंजमध्ये. १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर, हिशोब सोपा. मीटरवर ६० च्या आसपास आकडा आला, म्हणजे सेलमधून ६ मायक्रोअँपिअर जात होते. विश्रांतीतल्या रॅमला एवढं लागत नाही. बोर्ड भिंगाखाली धरला तेव्हा पायांभोवती फ्लक्सचा (सोल्डरिंगला वापरायच्या रसायनाचा) पिवळट थर, बोटांचे ठसे आणि वर्षानुवर्षांची धूळ दिसली. आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) आणि जुना टूथब्रश घेऊन तेवढा भाग दोनदा घासला, हेअर ड्रायर मंद ठेवून वाळवला. आकडा १७ मिलिव्होल्टवर आला.

आता भागाकार करून बघा. २२० मिलिअँपिअर-तास भागिले ६ मायक्रोअँपिअर म्हणजे साधारण ३६,००० तास, चार वर्षं. तेच १.७ नं भागलं तर चौदा वर्षांच्या वर. सेलची स्वतःची झीज वर्षाला टक्काभर, ती धरूनही अंतर प्रचंड राहतं. ३ व्होल्टच्या दोन टोकांमध्ये मळामुळे १ मेगाओहमची वाट तयार झाली तरी ३ मायक्रोअँपिअर तिथेच जातात, रॅमच्या खर्चाहून जास्त. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलसर फ्लक्सला तेवढी वाट करायला कितीसा वेळ लागणार? "नवा सेल टाकला तरी दोन-तीन वर्षांत संपला" असं कोणी म्हणालं की मी आता सेलचा ब्रँड विचारत नाही, बोर्ड धुतला होता का ते विचारतो.

माझ्या बोर्डावर सेल आणि रॅमच्या मध्ये एक डायोड आणि १ किलोओहमचा रेझिस्टर आहे. मेन पॅकचा दाब उलटा सेलमध्ये शिरू नये आणि शॉर्ट झालाच तर प्रवाह मर्यादेत राहावा म्हणून अशी जोडी ठेवतात. याचा एक फायदा असा की काहीही न काढता त्या रेझिस्टरवर मीटर लावून रॅमकडे किती जातंय ते कळतं (पायांभोवतीची गळती त्यात येत नाही, ती बघायची तर वरची खटपट). ऑगस्टमध्ये, हवा अगदी दमट असताना, झाकण उघडून पाहिलं तर २ मिलिव्होल्टच्याही आत, म्हणजे २ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी. मे महिन्यात सेट दिवसभर गाडीच्या डिकीत तापला होता तेव्हा थोडं जास्त होतं. उष्णतेनं रॅमची गळती वाढते, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. सेलचा दाब डिसेंबरात ३.२ च्या घरात होता, आता किंचित खाली आहे. पण या दाबावर फार विसंबू नका. लिथियम सेलचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम घसरतो. डायोडमध्ये ०.३ ते ०.४ व्होल्ट जातात, रॅमला किमान २ लागतात, म्हणून २.७ दिसले की मी बदलणार.

दुसरा प्रयोग आमच्या मैदानावरच्या एका काकांच्या सेटवर झाला. त्यांचा सेट माझ्याच वयाचा, पण मेमरी शाबूत. सेल २.६ वर आलेला. काका म्हणाले, "मॉडेलं जशीच्या तशी राहिली पाहिजेत हं. ते फ्लॅपचं मिक्सिंग मी परत मांडत बसणार नाही." दुसरी अट होल्डरची: "पुढच्या वेळी मला तुझ्या मागे लागायला नको. नाणं काढलं, नाणं घातलं." वयानं आणि उड्डाणानं मोठे, वाद घातला नाही.

मेमरी जपण्यासाठी दोन नवे एए सेल एका धारकात घालून, प्लसच्या वायरीत एक शॉटकी डायोड टाकून, जुन्या सेलच्या समांतर क्लिपनं लावले. डायोड यासाठी की लिथियमनं एए सेलांत उलटं ढकलू नये; एएकडून लिथियमकडे जाणारा प्रवाह मात्र तो अडवत नाही. मग जुना सेल काढला. बोर्ड जिवंत असताना सोल्डरिंग आयर्न तापवून प्लग काढायचा आणि मगच टोक लावायचं. स्वस्त आयर्नच्या टोकाशी मेन्सची गळती असते आणि तेवढ्यानं रॅममधला डेटा बिघडू शकतो. टोक थंड झालं की पुन्हा प्लग, पुन्हा ताप. वेळ खातं, पण मॉडेलं सगळी राहिली आणि काका खूश.

पावसाळ्यात मात्र होल्डरनं रंग दाखवला. खड्ड्यांच्या रस्त्यानं स्कूटरवरून आलेला सेट मैदानावर चालू केला तर पडद्यावर तीच बॅकअपची सूचना. सेल ३.१ दाखवत होता, म्हणजे सेल ठणठणीत. होल्डरच्या पातीवर बारीक काळपट थर होता, धक्क्यानं संपर्क क्षणभर सुटला असणार. रॅमला क्षणही पुरतो. पाती साफ करून थोडी वाकवली, घट्ट केली, आणि रॅमच्या बाजूनं १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. २ मायक्रोअँपिअरला तो एक व्होल्ट खाली यायला चार-पाच सेकंद घेतो, धक्क्यापुरते तेवढे भरपूर. तिथेही ब्रश फिरवला. तेव्हापासून काकांचा सेट गप्प आहे आणि काकाही मिक्सिंगचे आकडे वहीत उतरवायला लागलेत. जुन्या मॅन्युअलांच्या शेवटी त्यासाठी कोरे तक्ते छापलेले असायचे, ते झेरॉक्स करून भरले तरी चालतं.

तर माझा कौल पायांच्या सेलला. होल्डर सोयीचा वाटतो, पण दहा-बारा वर्षांतून एकदा लागणाऱ्या सोयीसाठी रोजचा हलता सांधा कशाला? ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांनी चांगल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे सेल आणि सेट दोन्ही घेऊन जावं. त्याचा हात आपल्यापेक्षा बारीक असतो. फक्त "साध्या सेलला वायर टाचू नको आणि शेवटी आयपीएनं धू" एवढं समोर उभं राहून सांगावं. सेल बसल्यावर रॅममध्ये कचरा असू शकतो, तेव्हा मॅन्युअल बघून रीसेट करा आणि मगच मॉडेलं भरा. नाहीतर पडद्यावर भलतेच आकडे दिसतात आणि माणूस सेलला दोष देत बसतो.

काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत भाजल्यासारखी गंभीर जखम करतो, मग तो रेडिओसाठी संपलेला का असेना. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.