निम्म्या भावातले ‘इंपोर्टेड’ टायर

माझ्याकडे स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस आहे, सेकंड हँड घेतलेली. नागपुरात मनीषनगर ते मिहान, रोजची गाडी हीच. टायरचा साइज 225/45 आर17, म्हणजे सतरा इंची रिमचा रुंद, चपटा टायर. हा साइज आधी सांगतोय, कारण फसवणुकीला जागा तिथंच मिळते. स्विफ्ट-बलेनोचे टायर कुठंही मिळतात. या साइजमध्ये चांगली पकड देणारा टायर मागितला की दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणतो. त्यात जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून परदेशी टायर एक तर वेळेवर येत नाही, नाहीतर भाव ऐकून माणूस परत फिरतो. टंचाई असली की मधले लोक उगवणारच.

माझ्या वाट्याला आलेला माणूस अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे बसतो. डीलरकडे एका टायरला सोळा हजार, याच्याकडे साडेआठ. कारण विचारलं तर म्हणाला, “मुंबईच्या नव्या गाडीचे काढलेले आहेत भाऊ. मालकाले मोठे रिम लावाचे होते. शंभर किलोमीटरबी चालले नाही.” हौशी लोक खरंच असं करतात, म्हणून ही थाप पचून जाते. बिलाचं विचारलं तर, “बिल पायजे असन तं जीएसटी लागन.” आणि वॉरंटी? “वारंटी म्हंजे मीच ना भाऊ!”

टायर काळेभोर, चकचकीत, खाचा चांगल्या खोल. मी वाकून बघेपर्यंत दोन पोरांनी गाडी जॅकवर घेतली होती आणि मालक मला एसीच्या केबिनमध्ये घेऊन गेला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश. थंडगार ताक आलं. काम होईपर्यंत त्याने मला गप्पांतून उठू दिलं नाही.

नव्वदच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. फोन केला तर “बॅलन्सिंग करून घ्या”. पहिल्या पावसात वर्धा रोडवर ब्रेक दाबला, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस खडखडलं आणि गाडी पुढच्या ऑटोच्या दिशेने घसरतच गेली. हातभर अंतर उरलं. मग शिर्डीला निघालो होतो तेव्हा समृद्धीच्या तोंडाशी, शिवमडक्याला, टायर तपासणी लागली. तपासणाऱ्याने बॅटरी मारून एका खाचेत बोट फिरवलं आणि मला उतरायला सांगितलं. “साहेब, हा टायर कापलेला आहे. परत जा.” मी निमूट गाडी वळवली. या माणसाचे आभार मानायचे राहिले.

घराजवळच्या जुन्या टायरवाल्या काकांनी चारही टायर रिमवरून उतरवले. खरा प्रकार तिथं समजला. झिजलेल्या टायरच्या खाचा गरम पात्याने पुन्हा कोरल्या होत्या. ट्रक-बसच्या काही टायरना कंपनीच तशी सोय ठेवते, त्यांच्यावर ‘रीग्रूव्हेबल’ असं लिहिलेलं असतं. कारच्या टायरमध्ये तेवढं जादा रबर नसतं, कोरलं की पातं थेट टायरच्या आतल्या तारांच्या जवळ जातं. खाचेत जागोजागी 1.6 मिलिमीटर उंचीची आडवी पट्टी असते, टायर तिथपर्यंत झिजला की बदलायचा. माझ्या टायरवर पट्टीच नव्हती, पात्याने ती खरवडून गेली होती. एकात आतून दोन पॅच.

तारखेची गंमत वेगळीच. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. 2216 म्हणजे 2016चा बाविसावा आठवडा. पूर्ण तारीख बऱ्याचदा टायरच्या एकाच अंगाला असते. माझे दोन टायर चक्क उलटे बसवले होते, ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू आत, म्हणजे तारीखही आत. उरलेल्या दोघांवरची तारीख घासून टाकलेली. रबर जुनं झालं की कडक होतं, खाच कितीही खोल दिसली तरी ओल्या रस्त्यावर पकड येत नाही. आणि आपल्याकडे कारच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते चारांपैकी एकावरही नव्हतं, म्हणजे कुठल्या तरी देशातला वापरून फेकलेला माल.

तुम्ही अशा गाडीसाठी टायर बघत असाल तर रिमवर चढण्याआधी टायर जमिनीवर आडवा टाकून दोन्ही अंगं बघा, तारीख वाचा, खाचेतली पट्टी शोधा. चमक बघू नका, ती पॉलिशची असते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. दुकानदार घाई करत असेल तर निघून या, उन्हात उभं राहावं लागलं तरी चालेल. बिल घ्याच. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, बिल टाळून पूर्वीइतके पैसेही वाचत नाहीत. मी आता याच साइजचे भारतात बनलेले टायर घातलेत. वळणावर त्या महागड्या परदेशी टायरइतकी मजा नाही, पण नागपूरच्या सिमेंट रोडवर रोज ऑफिसला जायला त्याहून जास्त काय लागतं?

बिल नसलं तरी यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं माझ्याकडे होतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. नोटीस पोहोचल्यावर त्या वाडीच्या दुकानदाराचा माणूस घरी आला. सगळे पैसे परत देतो म्हणाला, अट एकच, चारही टायर परत पाहिजेत. काहून, ते विचारलं. काही बोलला नाही. टायर मी दिले नाहीत.