मायक्रोसॉफ्ट डिफेंडर: ईमेलमधल्या व्हायरसपुढे किती टिकतो?

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत, आणि घरच्या कॉम्प्युटरला तो पुरतो. मात्र दोन सेटिंग्ज बदलायलाच हव्यात.

ब्राउझरमध्ये मेल वाचत असाल, तर डिफेंडर तुमच्या इनबॉक्समध्ये डोकावत नाही. अटॅचमेंट डाउनलोड होऊन डिस्कवर उतरली की तो तिला तपासतो. पासवर्ड लावलेल्या झिपच्या आतलं त्याला दिसतच नाही, फाइल बाहेर काढल्यावरच ती त्याच्या हाती लागते. म्हणून झिप आणि तिचा पासवर्ड एकाच मेलमध्ये आले असतील, तर तो मेल सरळ डिलीट करा.

सगळ्यात घातक खोड विंडोजचीच आहे: फाइलच्या नावाचं शेपूट ते लपवून ठेवतं. ‘बिल.पीडीएफ.एक्सई’ ही खरं तर प्रोग्रामची फाइल, पण ती नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसते, वर पीडीएफचा आयकॉनही चिकटवलेला असतो. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस याच फसवणुकीच्या जोरावर जगभर पसरला. ती प्रोग्रामसारखी चालणारी फाइल आहे हे सांगणारं शेवटचं ‘.व्हीबीएस’ झाकलेलं, त्यामुळे लोकांना ती साधी टेक्स्ट फाइल वाटली. इतकी वर्षं झाली तरी ही सेटिंग तशीच आहे, हे खरंच खटकतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’वर जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक करा.

दुसरी सेटिंग ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’. विंडोज सिक्युरिटी, मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग अगदी खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ (रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस). ती मुळात बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइली बदलता येत नाहीत. याचा जाच होतो, एखादा सरळमार्गी गेमसुद्धा सेव्ह करताना अडतो. तेव्हा अख्खी सेटिंग बंद करू नका, त्या एका प्रोग्रामला परवानगी द्या. आणि दुसरा अँटिव्हायरस टाकलात तर डिफेंडर मागे सरतो, त्याच्याबरोबर हे कुलूपही निघतं.

खोट्या लॉगिन पानावर तुम्हीच पासवर्ड टाइप केलात, तर पकडायला फाइलच नसते. एज ब्राउझरमधलं स्मार्टस्क्रीन हे संरक्षण अशी काही पानं अडवतं, सगळी नाही.

संशयास्पद अटॅचमेंट उघडली गेलीच, तर आधी इंटरनेट तोडा, उघडी कामं सेव्ह करा आणि ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ऑफलाइन स्कॅन लावा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्या व्हायरसला आडोसा मिळत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात.