चोखणी सोडवायची: एका झटक्यात की हळूहळू?

चोखणी, म्हणजे बाळाला शांत करायला तोंडात देतात ते पॅसिफायर, एका दिवशी कायमची बंद करायची, की तास कमी करत न्यायची? आधी वय बघा. पहिल्या वर्षात घाई नको. झोपताना चोखणी तोंडात असलेल्या बाळांमध्ये झोपेतल्या अचानक मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आहे. सहा महिन्यांनंतर मात्र कानाच्या संसर्गाचा धोका थोडा वाढतो. तिसऱ्या वर्षानंतरही सवय राहिली तर पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकेनासे होऊ शकतात, मधे फट राहते. वेळेत सुटली तर ती फट बऱ्याचदा आपोआप भरून येते.

एकदम बंद करण्यात नियम सरळ असतो: नाही म्हणजे नाही. सुरुवातीच्या रात्री रडारड होते, दुपारची झोपही बुडते, पण बरीच मुलं आठवडाभरात सावरतात. अट एकच, घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. रात्री दोन वाजता कुणी कळवळून चोखणी दिली, की खूप वेळ रडलं तर ती मिळते हे मुलाला कळतं. मग पुढची रात्र आणखी जड जाते.

हळूहळूच्या वाटेत आधी बाहेर जाताना बंद, मग खेळताना, शेवटी चोखणी फक्त अंथरुणात. रडणं कमी, पण मोठ्यांना आठवडेच्या आठवडे रोज पहारा द्यावा लागतो. ‘आजच्या दिवस राहू दे’ म्हणत महिने निघून जातात. शिवाय झोपेची शेवटची पायरी एकदमच उतरावी लागते, म्हणजे ते रडणं टळत नाही, फक्त पुढे जातं.

मला विचाराल तर दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी एकदम बंद करणं बरं, कारण त्याला हप्त्यांचा हिशोब कळत नाही. तीन वर्षांच्या मुलाशी बोलता येतं. दिवस त्यालाच निवडू द्या आणि त्याआधी तास कमी करत आणा. पण नवं भावंड, घरबदल किंवा ताप असेल तर दोन्ही बेत पुढे ढकला.

चोखणीचं टोक कापण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका, तुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. कडू काही लावणंही नको. मूल अंगठा चोखत असेल तर हे सगळं गणितच वेगळं. अंगठा काही कपाटात ठेवता येत नाही.

ठरलेल्या दिवशी सोफ्याखाली आणि खेळण्यांच्या टोपलीच्या तळाशीही शोधा. एक तरी चोखणी तिथे असतेच.